कळशीची कावीळ

लिंबाखाली ही गर्दी. रांगेतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर काड्यांची माळ होती. कुणाच्या कपाळावर, कुणाच्या गळ्यात, कुणाची पार बेंबीपर्यंत उतरलेली. बायका एकमेकींच्या माळा निरखत होत्या.

“तुमची छातीवर आली की.”

“हाव, परवा मानेला व्हती. आमच्या लेकाची तर गुडघ्याला लागली.”

भोकर रस्त्यावर शेषेरावबाबा दर बुधवारी काविळीची माळ देत. डोक्यावर जेमतेम बसणारी ती माळ घरी गेल्यावर आपोआप वाढायची आणि गळ्यातून, पोटावरून शेवटी पायांतून निघायची. कुणी ओढायचं नाही, कुणी गाठ सोडायची नाही, तरी माळ आपली वाढतेच आहे. आता डोळ्यांना दिसणाऱ्या चमत्कारावर शंका घ्यायला माणूस तसाच उद्धट पाहिजे.

“कावीळ म्हंजे पिवळी बाई हाय,” बाबा डोळे मिटून सांगत. “टाळूवर चढून बसती. माळ तिला हाताला धरून पायातून खाली उतरवती. पर मधी सुई टोचली का ती रुसली. रुसली का परत वर चढली. मंग माज्याकडं यायचं न्हाई.”

या शेवटच्या वाक्यानेच उज्वलाचे हात बांधले होते. ती मुदखेडच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुट्टीला माहेरी आली होती. भावाची बायको पुनम आठव्या महिन्यात होती. पुनमला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं होतं. उज्वला आली तेव्हा पुनमचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि माळ कपाळावर बसली होती.

“भागवत, हिला नांदेडला ने,” उज्वला भावाला म्हणाली. “गरोदरपणात कावीळ म्हणजे जिवाशी खेळ असतो.”

भागवत भोकर-मुदखेड जीप चालवायचा. दिवसभर लोकांना दवाखान्यात, कोर्टात, लग्नाला पोचवायचा. “आक्का, मला ल्हानपणी कावीळ झालती. माळच घातली व्हती मायनं. झालो न्हाई का बरा?”

“माळ नसती तरी झाला असतास. बहुतेकांची कावीळ पथ्यानं, आरामानं आपोआप उतरते. पण सगळ्यांची नाही रे.”

“आपोआप उतरती तर मंग माळ कशी वाढती?” तारामती, तिची माय, शांतपणे म्हणाली. दारात जीप उभी होती, आणि उज्वलाला ती चालवता येत नव्हती.

मग तिने वेगळी वाट धरली. बुधवारी ती स्वतःच रांगेत उभी राहिली. बाबांनी तिची पापणी खाली ओढली. तिचे डोळे स्वच्छ पांढरे होते.

“हाय,” बाबा गंभीर झाले. “आतली कावीळ हाय. वर दिसत न्हाई, म्हणून लई वाईट.”

धडधाकट बाईला कावीळ सापडली, माळ मिळाली. उज्वलाने घरी येऊन ती पाण्याच्या रिकाम्या कळशीवर चढवली आणि कळशी चुलीजवळ ठेवली. माळ कळशीच्या खांद्यावर अडकून बसली. पुढे ती सैल झाली, पोटाकडे सरकली आणि एके सकाळी घसरून बुडाशी पडली. पुनमची तेव्हा कुठे पोटावर आली होती.

“बघ माय,” उज्वलाने मायला हाताला धरून आणलं. “आता ह्या कळशीला कावीळ होती का?”

तारामतीने वाकून बुडाशी पडलेली माळ बोटाने उचलून बघितली. ती विचारात पडली हे उज्वलाला दिसत होतं. तेवढ्यात शेजारची सरजाबाई ताक मागायला आली आणि दारातच थबकली.

“अगं माय, भांड्यातली बी उतरवली बाबानं,” ती हात जोडून म्हणाली.

तारामतीने सुटकेचा श्वास टाकला आणि कळशीला नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली कळशी बघून गेली. पुढच्या बुधवारी रांगेत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. उज्वलाने आणलेला पुरावा बाबांचा नवा चमत्कार होऊन बसला होता. तिला हसूही आलं नाही. तिने मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथेच रडून घेतलं.

इकडे पुनमला सारखी झोप येऊ लागली. “उतार पडला का झोप लागतीच,” असा बाबांचा निरोप आला. उज्वलाने तिला उठवून पाणी पाजलं, तर ती हसली आणि म्हणाली, “आई, कवा आलीस?”

“पुनम, मी उज्वला.”

“बस ना आई,” पुनम म्हणाली आणि परत झोपली.

उज्वला भागवतच्या पाया पडली. धाकट्या भावाच्या पाया पडली. भागवतने तिला दोन्ही हातांनी उठवलं. तो मायकडे बघू लागला. माळ घोट्यापर्यंत आली होती. “आज निघंल, आक्का. इतके दिस थांबलो, आता सुई टोचून कशाला उलटवायची?”

दुपारी माळ पायांतून निघाली. तारामतीने ती ओढ्यात सोडली, घरात गूळ वाटला. पुनमला उठवायला गेले तर ती उठेना.

जीप नांदेडला पोचली तेव्हा दिवस मावळत होता. डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, पोट पाहिलं. “यकृत काम करायचं थांबलंय. रक्तातलं विष डोक्यापर्यंत गेलं, म्हणून ही गुंगी. ही घाण पाण्यातून येणारी कावीळ आहे, पोटुशी बाईला फार जड जाते. डोळे पिवळे झाले त्याच दिवशी आणायचं होतं. काहीतरी करता आलं असतं.” सलाईन, सुया, नळ्या, सगळं झालं. आधी बाळ गेलं, मग पुनम.

नळाची पाइपलाइन गटाराजवळ फुटली होती, हे नंतर कळलं. माळ चढवण्याआधी त्या कळशीत तेच पाणी भरलं जात होतं. खोट कळशीत होती, हे खरंच. पण ती माळेने जाणारी नव्हती. पाणी उकळलं असतं तर गेली असती.

पुनमचं दिवसकार्य झाल्यावर तारामती चुलीपाशी बसून एकच बोलत होती. “माळ पायापातुर आली व्हती, उज्वला. मंग पुनम कशी गेली?”

उज्वलाने कळशीवरची माळ आणि परसातली एक ओली काडी मायच्या हातात दिली. “ओली काडी जाड असते. बाबा तिच्याभोवती दोऱ्याचे घट्ट फास टाकतो. काडी वाळली की बारीक होते, फास सैल पडतात, आत गुंडाळलेला दोरा सुटतो. माळ लांब होते. माणसाच्या गळ्यात असो, नाहीतर कळशीच्या.”

तारामतीने प्रत्येक फास बोटांनी चाचपला. “म्हंजे तिची कावीळ उतरतच नव्हती.”

“नाही माय. काड्या वाळत होत्या.”

तारामतीने माळ चुलीत टाकली. तेवढ्यात सरजाबाई दारात आली. मागे तिची लेक, तिचेही डोळे पिवळे.

“भागवत, जीप काढ,” तारामती उठून म्हणाली. “सरजा, नांदेडला चल.”

सरजाबाई दोन पावलं मागे सरली. “नगं बाई. तुमच्या पुनमला दवाखान्यात सुई टोचली, म्हणून पिवळी बाई उलटली. बाबाच म्हणले.” लेकीचा हात धरून ती भोकर रस्त्याला लागली. भागवत जीप सुरू करून बसला होता. मागची सीट रिकामी होती. तारामती हाका मारत रस्त्यापर्यंत गेली, पण त्या दोघी थांबल्या नाहीत.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. कुणाचे डोळे पिवळे दिसले तर माळ कुठवर आली ते बघू नका, रक्त तपासा. बाई पोटुशी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी उकळून प्या. आणि दारात कुणी गाडी सुरू करून बसलं असेल, तर आधी तिच्यात बसा. बाबाला काय विचारायचं ते परत आल्यावर विचारा.