पत्र्यातून आलेलं गिराण

त्या साली सूर्यग्रहण नेमकं आषाढाच्या अमावास्येला आलं, आणि विट्याजवळच्या त्या वाडीत सूर्यापेक्षा जास्त हळहळ मटणाची झाली. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. महिनाभर तोंड बांधायचं, त्याआधीचा हा शेवटचा दिवस, आणि नेमकी त्याच सकाळी चूल पेटवायची नाही. हंबीरराव घरापुढच्या सोप्यात बसून अंगणातल्या बोकडाकडे बघत होते. बोकडाला तेवढीच मुदत मिळाली होती.

त्यांची सून अंजना सातव्या महिन्यात होती, म्हणून तिला माजघरात कोंडलं होतं. सासू रंगूबाईनं पहाटेच फर्मान काढलं होतं. घोंगड्यावर उताणं पडायचं, हात सरळ, पाय सरळ. खायचं नाही, प्यायचं नाही, खाजवायचंसुद्धा नाही. बोट मुडपलं तर पोराचं बोट वाकडं, काही चिरलं तर पोराचा ओठ फाटका. अशी शिक्षा तिच्या नवऱ्याच्या पलटणीतही कुणाला देत नसतील.

अंजनाला हसू यायचं, पण मनातून ती भ्यायली होती. राहूला नव्हे, वाडीला. पहिलटकरीण होती. पोरात काही कमी-जास्त निघालं, तर ते हिनंच केलं असं ठरणार होतं, आणि ती म्हातारी होईपर्यंत पाणवठ्यावर तेच बोललं जाणार होतं. म्हणून घशाला कोरड पडली तरी ती माठाकडे नुसती बघत होती.

पाऊस दोन दिवस उघडला होता. माजघरावरचा पत्रा मिरजेच्या बाजारातून जुनाच आणलेला, पहिल्या मालकाच्या खिळ्यांची भोकं तशीच. रोज त्यांतून रुपयाएवढे गोल उजेड खाली पडायचे. आज बघते तर प्रत्येक गोलाचा एका बाजूनं चावा घेतलेला. बघता बघता सगळ्यांच्या चंद्रकोरी झाल्या. बाहेर वाडीतल्या एकानंही मान वर केली नसेल, आणि जिला ग्रहण दिसू नये म्हणून कोंडलं, तिच्याच पोटावर दहा-बारा ग्रहणं लागली होती. अंजनाला फार मजा वाटली.

नवऱ्यानं, सयाजीनं, मागच्या रजेत तिला हे समजावलं होतं. दिवा म्हणजे सूर्य, भाकरी म्हणजे आपली धरती, कांदा म्हणजे चंद्र. अमावास्येला कधी कांदा मधे आला की दिवा झाकतो. पुनवेला कधी भाकरी मधे आली की तिची सावली कांद्यावर पडते. गिळणारं कुणी नाही. एवढं सांगून त्यानं सूर्य सोडून बाकी सगळं खाऊन टाकलं होतं.

सून हलते की काय ते बघायला रंगूबाई आत आली आणि दारातच थिजली. सुनेच्या पोटावर कोरी सरकत होत्या.

"गिराण आत शिरलं," ती म्हणाली आणि धावत येऊन गुडघे टेकून अंजनावर ओणवी झाली. पोटावरच्या कोरी नाहीशा झाल्या. रंगूबाईचे गुडघे दोन वर्षांपासून धरलेले होते. ती कण्हत होती, पण हटेना.

"आत्या, उठा. गुडघं दुखत्याल."

"दुखू देत. तू हलू नगंस."

"आवं, माझ्या पोटावरचा उजीड आता कुठं गेला?"

"माझ्या पाठीवं."

"चंद्राचं बी त्येच चाललंय. त्यो मधी आलाय, म्हून त्येची सावली आपल्यावर पडलीया. तुमच्या लेकानंच दावलंय मला. आत्ता तुमच्या सावलीनं पोराला काय झालं का?"

रंगूबाई आणखीच खाली वाकली.

"सयाजीच्या आदुगर एक हुता," ती म्हणाली. हे अंजनाला घरात कुणी सांगितलं नव्हतं. "गिराणात वांगं चिरलं मी. एकच. लय भूक लागली हुती. व्हट फाटका निघाला त्येचा. दूध वढता येईना. बाराव्या दिशी गेला. सासू मरंस्तवर म्हनत हुती, व्हट तूच चिरलास."

"वांगं चिरून व्हट फाटत न्हाई, आत्या."

"कशावरनं?"

दिवा, भाकरी आणि कांद्यात ओठाचं काही नव्हतं. आणि या बाईनं तीस वर्षं हे एकटीनं वागवलं, याचं अंजनाला फार वाईट वाटलं. ती सासूला बाजूला सारून उठली. कोपऱ्यातली विळी घेतली, पाटीतलं एक वांगं उचललं. तिनं वांग्याचे दोन तुकडे केले.

जमिनीवर कोरी तशाच होत्या. पोटात पोरानं रोजच्यासारखी लाथ मारली.

"सुटलं का गं?" सोप्यातून हंबीररावांनी विचारलं.

"न्हाई अजून. गप बसा," रंगूबाई म्हणाली.

मग तिनं तांब्याभर पाणी आणून अंजनाच्या हातात दिलं, विळी स्वतःच्या पुढ्यात ओढली आणि राहिलेलं वांगं सगळं चिरलं.

"उद्या काय कमी-जास्त निघालं नि कुनी इचारलं, तर म्हातारीनं चिरलं म्हन," ती म्हणाली. "मला ऐकून घ्यायची सवय हाय."