'घरी' नावाचा ठिपका

मंजुश्री पुण्याहून साखरखेर्ड्याजवळच्या आपल्या माहेरगावी आली ती ठिपके आणि रेघा घेऊन. गावाचा निर्णय कोण कोणाला विचारून घेतो, त्याचं जाळं काढायचं, हा तिचा अभ्यास. माणूस म्हणजे ठिपका, विचारणं म्हणजे रेघ. निर्णय दोन: तिच्या लहानपणी पाण्याची टाकी कुठे बांधायची हे ठरलं तो, आणि यंदा ती पाडून नवी कुठे उभारायची हे ठरलं तो. पहिल्या वेळी तिचे वडील रामराव सरपंच होते. त्यांचा ठिपका सगळ्यांत मोठा निघावा, असं तिला मनापासून वाटत होतं. अभ्यासात असं चालत नाही, पण लेक ती लेकच.

म्हाताऱ्या पंचांनी घोळ घातला. पहिल्या टाकीच्या जागेबद्दल कोणाशी बोललात, म्हटलं की जो तो सांगे, "घरी इचारलं." तिनेही भाबडेपणाने तसंच भरलं, आणि संगणकाने 'घरी' नावाच्या कोणा थोर पुढाऱ्याला गावाच्या मधोमध आणून बसवलं. ती एकटीच खूप हसली. मग हसू ओसरलं. बायकोचं नाव न घेणारी पिढी ती. आणि या साऱ्या 'घरी' रोज दुपारी जमत कुठे? हिच्याच ओट्यावर, हिच्या आईभोवती, शेंगा फोडत. तो गलका, दोन वर्षांमागे गेलेल्या आईचं ते खळखळून हसणं आठवलं आणि तिला भरून आलं.

संध्याकाळी तिने वडिलांना गाठलं. "आबा, नाव सांगा ना. 'घरी' असं कसं लिहू मी?"

रामराव चक्क लाजले. ते नाव त्यांनी कोणासमोर कधी घेतलं नव्हतं. घसा खाकरून म्हणाले, "अन्नपूर्णा. टाकी वरच्या आळीत नको, बायांले चढ पडते, हे तिचंच म्हननं. मी सभेत फक्त बोललो."

वडिलांचा ठिपका लहान झाला. मंजुश्रीला त्याचं काही वाटलं नाही. टोचत होतं ते दुसरंच. बोलता बोलता तिचीही भाषा गावावर आली.

"यंदाच्या जाळ्यात तुमच्यापासून एकबी रेघ निघत नाही. तुमाले कोनी इचारलं नाही का, आबा?"

"आले होते ना लोक. मी सवयीनं बोलून गेलो, घरी इचारून सांगतो. ते बिचारे मान हलवून उठले." रामरावांची नजर रिकाम्या ओट्याकडे गेली. "त्याईले सांगाचं राह्यलंच."