उंबराच्या पाण्याचा व्हिडिओ

कंपनीच्या वकिलांनी कोर्टात शॅरनच्या लग्नाचा व्हिडिओ लावला, तेव्हा लॉरेन्सने मान खाली घातली. पडद्यावर त्याची विहीर चुन्याने पांढरीशुभ्र दिसत होती. बँड वाजत होता आणि त्याची बायको क्लॅरिस हसत हसत भरलेली कळशी वर ओढत होती.

"जानेवारीत विहिरीला पाणी होतं, तडा नव्हता," वकील म्हणाले. "मग भरपाई कशाची?"

ही विहीर मुंबईत मरोळ गावठाणात लॉरेन्सच्या घरामागे आहे. तिच्या पाण्यावर त्याची अळू आणि केळीची छोटी वाडी होती. कुंपणापलीकडे एका औषध कंपनीने नव्या कारखान्याचं तळघर खोदायला घेतलं. पायाचे खांब घालायला जमिनीत खोल खड्डे पाडणारं पायलिंगचं यंत्र दिवसभर जमीन हादरवू लागलं. नोव्हेंबरात विहिरीला तडा गेला, आठवड्यात पाणी उतरलं, केळी करपल्या. लॉरेन्सने दावा लावला.

तेवढ्यात थोरल्या मुलीचं, शॅरनचं लग्न आलं. इथल्या जुन्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि 'उंबराचं पाणी' आणून नवरीला अंघोळ घालतात. नळाचं पाणी त्याला चालत नाही.

कोर्टाबाहेर त्यांची वकील गंधाली म्हणाली, "अंकल, पंचनाम्याआधीच तडा बुजवलात?"

"फुटकी विहीर पाहुण्यांना दाखवू?" क्लॅरिस म्हणाली. "मीच गिलावा केला, मीच चुना मारला."

"आणि पाणी कुठून आलं?"

लॉरेन्स चपलांकडे बघत म्हणाला, "टँकर मागवला. विहिरीत ओतला. तेच परत काढलं."

"हे मला आज कळतंय."

"लाज वाटली गं," क्लॅरिस म्हणाली. "पोरीला टँकरच्या पाण्याने अंघोळ घातली, हे कुठल्या तोंडाने सांगू?"

"आता तेच कोर्टाला लिहून द्यायचं आहे, आंटी. टँकरची पावती असेल तर शोधा."

पावती सापडली. गंधालीने अर्ज केला आणि मार्चमध्ये एका शनिवारी कोर्टाने नेमलेले कमिशनर विहीर बघायला आले. तळाला ओलसुद्धा नव्हती. लॉरेन्सने छिन्नी पुढे केली, तसे कंपनीचे वकील मध्ये आले. "गिलाव्याला हात लावू नका. जागेची स्थिती बदलेल."

"चार महिने तुमचं यंत्र आमच्या भिंती हादरवतंय, तेव्हा काही बदललं नाही," क्लॅरिस म्हणाली. "मी माझा गिलावा काढला की बदलतं होय?"

कमिशनरांनी आधी फोटो काढून घेतले, मग म्हणाले, "काढू द्या. जे दिसेल ते मी लिहीन."

क्लॅरिसने नवऱ्याच्या हातातून छिन्नी घेतली. तडा कुठून कुठे जातो, हे तिलाच ठाऊक होतं. ती पायऱ्या उतरली आणि ठोके घालू लागली. गिलाव्याचे पोपडे पडले. आत बोट जाईल एवढी भेग होती आणि ती राखाडी, चिकट लगद्याने भरली होती.

"हे काय आहे?" कमिशनरांनी विचारलं.

लॉरेन्सने कुंपणाकडे बोट दाखवलं. पलीकडे लोखंडी टाकीत तसाच लगदा घुसळला जात होता. पायलिंगचा खड्डा ढासळू नये म्हणून तो ओततात. तिथून जमिनीतून तो विहिरीत आला होता आणि गिलाव्याआड टिकला होता.

"कुठूनही आला असेल," कंपनीचे वकील म्हणाले.

"हो ना, टँकरमधून आला असेल," क्लॅरिस म्हणाली.

कमिशनरांनी दोन्हीकडचा लगदा दोन बाटल्यांत भरून घेतला. मग विचारलं, "विहिरीचा वापर काय होता?"

"वाडीला पाणी आणि नवरीची अंघोळ. पुढच्या मेमध्ये धाकटीचं, किम्बर्लीचं लग्न आहे," क्लॅरिस म्हणाली. "तोवर विहीर नीट झाली नाही, तर कळशी घेऊन यांच्या गेटवर बँड लावीन. हेही लिहा."

ते त्यांनी लिहिलं नाही. बाटल्यांना सील लावून सहीसाठी कागद तिच्यापुढे धरला. सही करताना तिच्या हाताचा चुना कागदाला लागला. तिने तो पुसला नाही.