पांढरी पडलेली टाकी

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत येताच धाकटीनं टाकीच्या काचेला नाक लावलं. शुक्रवारी पिवळंधमक दिसणारं पाणी पांढुरकं पडलं होतं.

हे पिवळं औषध एका झुडपाच्या मुळात असतं. झुडूप वाढायला सात वर्षं, आणि मूळ उपटलं की ते मेलंच. म्हणून झुडपाची जनुकं जंतूंमध्ये घालून त्यांच्याकडूनच औषध करून घ्यायचं, यात तिची चार वर्षं गेली होती. दुपारपर्यंत तपासण्या करून घोडं कुठे पेंड खातंय ते तिला कळलं. काही जंतूंनी औषध बनवणं सोडून दिलं होतं. अंगावर ओझंच नाही म्हटल्यावर ते भराभर वाढले आणि कष्टाळू मागे पडले.

"उद्या पैसे देणारे पाहुणे येतील, त्यांना शुक्रवारी भरलेली बाटली दाखव," प्रयोगशाळेचे सर म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. जिन्यावर चार खेपा घालून तिनं ताईला फोन लावला. ताई त्याच झुडपांची शेती करायची.

"अगं, हे आत्ता सांगतेस?" ताईचा आवाज चढला. "दोन वर्षांत औषध टाकीतूनच निघेल म्हणालीस, म्हणून मी यंदा एकही रोप लावलं नाही!"

फोन ठेवून धाकटी परतली आणि तिनं आजच्या पांढुरक्या पाण्याचीही एक बाटली भरली.

मंगळवारी तिनं पाहुण्यांपुढे दोन्ही बाटल्या ठेवल्या. "तीन दिवस टिकलं. पुढे नाही."

सरांचा चेहरा पडला. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, "सहा महिन्यांनी बघू" म्हणाले आणि उठले.

दार लागल्यावर सरांनी पांढुरकी बाटली उजेडात धरली. मग म्हणाले, "यावर उपाय तरी आहे?"

"काम सोडेल त्या जंतूला अन्नच पचणार नाही, अशी सोय करावी लागेल."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लाग कामाला."

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन केला. "ताई, रोपं लाव. माझ्यावर विसंबू नकोस."

"कालच बी भिजत घातलंय," ताई म्हणाली. "तुझ्या भरवशावर राहायला मी काय पाहुणी आहे? रविवारी ये वाफे करायला."

"येते," धाकटी म्हणाली खरी, पण फोन ठेवायच्या आधीच तिचा दुसरा हात नव्या बाटल्यांवर तारखा घालू लागला होता.