वारुळावरची अळंबी

‘हिरवी नजर’ या हौशी छायाचित्रकारांच्या गटाचा एक नियम होता: दोन शब्दांचं लॅटिन नाव नसेल, तर फोटो भिंतीवर चढणार नाही. नियम खंडेराव गायधनींचा, आणि नावं ठेवायचा मक्ताही त्यांचाच. पक्षी असो, फुलपाखरू असो की शेणावर उगवलेली छत्री, खंडेराव मोबाईलवर दोन बोटांनी फोटो मोठा करत आणि नाव सांगून मोकळे होत. चुकलं तरी त्यांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला तिथे एकच बाई होती, आणि तिला कोणी चहासुद्धा विचारत नसे.

ती म्हणजे योगिनी देवरे. गंगापूर रोडवर तिचा दातांचा दवाखाना. मूळची नामपूरची, जिभेला धार. ‘आ’ करायला लावल्याशिवाय ती कुणाच्या दाताबद्दल बोलत नसे, आणि उलटी करून पाहिल्याशिवाय कुठल्या छत्रीबद्दल. छत्रीखालच्या पडद्यांचा रंग कोणता, देठ खाली कसा संपतो, ती उगवलीय कशावर, हे न बघता नाव ठेवणं म्हणजे नुसती टोपी बघून माणसाचं गाव सांगणं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या फोटोंखाली ‘प्रजाती अनिश्चित’ असं लिहिलेलं असे, आणि यंदाच्या प्रदर्शनात तिचा एकही फोटो लागला नव्हता.

पहिला नंबर अमोल थेटेचा होता. तांबड्या वारुळाच्या माथ्यावर पांढरीशुभ्र छत्री, मागे धूसर हिरवं. खाली खंडेरावांच्या सहीची चिठ्ठी: टर्मिटोमायसिसने सुरू होणारं दोन शब्दांचं लॅटिन नाव, आणि पुढे ‘वारुळावरची अळंबी. खाण्यास योग्य.’

योगिनी फोटोला नाक लावून उभी राहिली. अळंबी वारुळाची माती फोडून वर येते, तिचा देठ आत खोलवर गेलेला असतो. ही तर केकवर मेणबत्ती खोचावी तशी उभी होती. देठाच्या बुडाशी हिरव्या गवताचं पातं चिकटलं होतं, आणि वारुळावर गवत औषधालाही नव्हतं.

“अमोल, ही खरंच इथे उगवली होती?”

“मग काय मी पेरली?” अमोल म्हणाला. आजूबाजूचे हसले.

“खालून काढलेला फोटो आहे?”

“मॅडम, लोक चेहऱ्याचे फोटो काढतात. तळव्यांचे नाही.”

ती खंडेरावांकडे वळली. “निदान ‘खाण्यास योग्य’ एवढं तरी खोडा. उद्या कोणी हे वाचून खाल्ली तर?”

“तुमचा फोटो लागला नाही म्हणून तुमच्या पोटात दुखतंय,” खंडेराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “त्यावर आमच्याकडे औषध नाही.”

“हाई काय शे?” एवढंच योगिनीच्या तोंडून निघालं. संताप अनावर झाला की तिची अहिराणी बाहेर पडे. ती तरातरा निघून गेली. दाराशी तिला अमोलचे वडील, कारभारी थेटे, आत येताना दिसले. गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटो घालून ते पोराचा फोटो बघायला आले होते. देवळात शिरावं तशी त्यांनी चप्पल बाहेर काढली.

त्याच आठवड्यात खुर्चीत पेशंट असताना तिचा फोन वाजला. अमोल होता.

“मॅडम, बाबांना ॲडमिट केलंय. छत्र्या खाल्ल्यात. डॉक्टर विचारतायत कुठल्या, आणि खंडेराव फोन उचलत नाहीत.”

तेव्हा कुठे माझी आठवण झाली, असं तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं. “उलट्या कधी सुरू झाल्या?”

“आईची भांडी घासून व्हायच्या आत.”

लगेच त्रास देणाऱ्या छत्र्या बहुधा पोट ढवळून काढतात. उशिरा त्रास देणाऱ्या यकृत खातात. पण नुसत्या वेळेवर भरवसा ठेवायची तिची तयारी नव्हती.

“फोटोतली तीच का?”

“तशीच.”

“कुठे उगवली होती?”

“तुम्ही नुसतं नाव सांगा ना, मॅडम.”

“अमोल, वारुळावरची असेल तर ती खायची अळंबी, मग डॉक्टर त्रासाचं दुसरंच कारण शोधत बसतील. झाडाखालची असेल तर यकृताची भीती. गवतातली असेल तर आणखी वेगळी. बाप तुझा आहे. कुठे उगवली होती?”

“आधी सांगा, तुम्ही ग्रुपवर टाकणार नाही ना?”

योगिनीच्या हातातला आरसा ट्रेमध्ये आपटला. तेवढ्यात कुणीतरी फोन हिसकावून घेतला.

“बाई, मी सगुणा, अमोलची आई. गोठ्यामागच्या गवतात व्हत्या. आमच्या रानात वारूळ कुठंय? मागं ह्यानंच एक उपटून पल्याडच्या वारुळावर रोवली आन् फोटू काढला. आता गोठ्यामागं लय उगवल्या. मी म्हनलं नका खाऊ. तर हे म्हनले, पोराच्या फोटूखाली लिवलंय, एवढी शिकलेली मानसं खोटं लिवतील व्हय?”

“एखादी उरलीय का?”

“पिशवीत हाय. डॉक्टरनी आनायला लावली.”

“उलटी करून बघा. खाली रंग कसा?”

“जुनीचा हिरवा पडलाय, बाई.”

“डॉक्टरांना फोन द्या,” योगिनी म्हणाली. गवतातली, हिरवे पडदे, लगेच उलट्या. ही बहुतेक क्लोरोफायलम. माणसाला पिळून काढते, पण सहसा मारत नाही. तरी यकृताच्या तपासण्या सोडू नका, असं तिने डॉक्टरांना बजावून सांगितलं.

कारभारी वाचले. संध्याकाळी अमोलने ग्रुपवर लिहिलं, ‘बाबांना शिळ्या मटकीने त्रास झाला होता. आता बरे आहेत.’ खंडेरावांनी जोडलेले हात टाकले. योगिनीने खरं काय ते लिहिलं, तर खंडेरावांनी तिलाच ग्रुपमधून काढून टाकलं. चिठ्ठी भिंतीवर तशीच होती, आणि माणसं रोज ती वाचत होती.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती कंबर कसून हॉलवर गेली. तिच्या आधीच कारभारी तिथे पोहोचले होते. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबणारा. नखाने चिकटपट्टी खरवडून ते चिठ्ठी काढत होते.

“ओ काका, हात लावू नका!” खंडेराव धावले. “प्रदर्शनाची चिठ्ठी आहे ती.”

“आन् प्वाट माझं हाय,” कारभारी म्हणाले. चिठ्ठी हातात घेऊन ते योगिनीकडे वळले. “फोनवरच्या बाई तुमीच ना? हिच्या मागच्या अंगाला लिवा. गिरणारे. कारभारी थेट्याच्या गोठ्यामागचं गवत. खाऊ नये.”

योगिनीने लिहिलं.

“फुडं लिवा, वारुळावर पोरानं रोवली.”

तिचं पेन थांबलं. हे वाक्य तिला अमोलच्या कपाळावर लिहायचं होतं. आता ते त्याच्या बापाच्या तोंडून ऐकताना तिला जराही आनंद झाला नाही. तरी तिने ते लिहिलं, एकेक अक्षर ठळक.

अमोल दारात उभा होता, बक्षिसाची फ्रेम छातीशी धरून. “बाबा, बास ना,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “लोक बघतायत.”

कारभारींनी मागे वळूनही पाहिलं नाही. चिठ्ठी उलटी करून त्यांनी ती त्याच पट्टीने फोटोखाली अंगठ्याने दाबून चिकटवली.

“बघू दे की,” ते म्हणाले. “बघायलाच आलेत.”