पाणी वाया घालवणारं यंत्र

'फुकट ते पौष्टिक' हे म्हणायला ठीक आहे, पण आमच्या गावात कुणी काही फुकट देतो म्हणालं की लोक आधी दाराला कडी घालतात. त्यामुळे बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीसमोर एक व्हॅन येऊन उभी राहिली आणि तिच्यातून उतरलेली इंजिनीअरबाई 'मोठ्या माणसांसाठी वर्ग, दर सोमवारी, स्वतःच्या हाताने यंत्रं बनवायला शिका, फी नाही' असं सांगत घरोघर फिरली, तरी पहिल्या दिवशी तिच्यासमोर दोनच माणसं बसली. एक सलूनवाला, कारण सोमवारी त्याचं दुकान बंद असतं आणि घरी बायको चालू असते. हे मी नाही, तोच सांगतो. आणि दुसरी मी. मी गावात कपडे शिवते. वय पन्नाशीच्या पलीकडे, शाळा सातवीच्या अलीकडे.

मला एक यंत्र हवं होतं. त्याचं नाव ठाऊक नव्हतं, काम ठाऊक होतं. झऱ्याचं पाणी चढावरच्या एका घरापर्यंत न्यायचं, आणि तेही विजेशिवाय, कारण आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. त्या घरात माझ्या जाऊबाई राहतात.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर गेले, मुलगा शहरात नोकरीला लागला आणि त्या वरच्या घरात एकट्या उरल्या. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून आमचं भांडण चालू आहे. मिठावरून, मुलांवरून, माझ्या बोलण्यावरून, त्यांच्या न बोलण्यावरून. आणि रोज संध्याकाळी मी शिवणयंत्र झाकून चढ चढते आणि त्यांच्या ओट्यावर बसून चहा पिते. जाताना झऱ्यावरून एक कळशी भरून नेते. ती चहापुरती. बाकीचं पाणी त्या स्वतः आणतात, अर्ध्या वाटेत दगडावर बसून गुडघा चोळत. मी एक कळशी जास्त नेली तर ती तशीच माझ्या हातात परत येते. कुणाचे उपकार त्यांना घोटभरही चालत नाहीत.

यंदा मात्र गुडघ्यांनी हात टेकले. मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात न्यायला येतो. आता ऐकणार नाही." जाऊबाई "बरं" म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या न भांडता बरं म्हणाल्या. त्या गेल्या तर मी भांडायचं कुणाशी? आमचे हे त्या कामाचे नाहीत, लगेच कबूल होतात.

इंजिनीअरबाई वयाने माझ्या मुलीएवढी, पण शिस्तीने सासूच. वर्गाचा नियम एकच: हात मळल्याशिवाय घरी जायचं नाही. निघताना दारात उभी राहून ती एकेकाचे हात बघायची आणि स्वच्छ दिसले की परत आत धाडायची. पहिल्याच दिवशी तिने सलूनवाल्याला वाळूने भरलेली हातगाडी पळवत आणून उंबऱ्यावर धडकवायला लावली. गाडी जागच्या जागी थांबली आणि वाळू उडून थेट माझ्या अंगावर आली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"माझा अवतार झाला," मी म्हटलं.

"गाडी थांबली, पण वाळू थांबायला तयार नव्हती. पाण्याचंही तसंच असतं, मावशी. उतारावरून पळत येणाऱ्या पाण्याचं दार धाडकन लावलं की त्याचा जोर कुठेतरी जाणारच. आपण त्याला वर जायची वाट करून द्यायची. वीज नको, तेल नको."

मी अंगावरची वाळू झटकायचीही विसरले. माझं यंत्र मला सापडलं होतं.

हळूहळू वर्ग भरला. आमचे हे आधी "या वयात काय हे खूळ" म्हणत होते; मी घरातला गळका नळ दुरुस्त केल्यावर गपचूप मागच्या बाकावर येऊन बसायला लागले. मीही काही फार हुशार विद्यार्थिनी नव्हते. पाइप कापायला घेतला की हात सवयीने शिवणीसाठी सोडतात तशी बोटभर माया सोडूनच कापायचा. बाई कपाळाला हात लावायची. "मावशी, पाइप धुतल्यावर आटत नाही हो!"

यंत्र तयार झालं ते दिसायला अगदीच साधं. दोन व्हॉल्व्ह, एक उभा बंद पाइप, त्यात कोंडलेली हवा, बस्स. झऱ्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर आम्ही ते बसवलं आणि तिथून एक बारीक पाइप गवतातून जाऊबाईंच्या परसातल्या हौदापर्यंत नेला. तो हौद कित्येक वर्षं कोरडा पडला होता आणि परसात उतरायला पायऱ्या आहेत म्हणून जाऊबाई तिकडे फिरकत नव्हत्या. त्यांना आम्ही काही कळू दिलं नाही. कळलं असतं तर सगळा पाइप गुंडाळून त्यांनी माझ्या दारात आणून टाकला असता.

सोमवारी बाईने खालचा व्हॉल्व्ह बोटाने दोन-चार वेळा दाबला आणि यंत्राने सूर धरला. टक. टक. टक. प्रत्येक ठोक्याला खालून पाण्याची चूळ बाहेर पडत होती.

"हे सगळं सांडतंय की," आमचे हे म्हणाले.

"सांडणारच. दहा तांबे आले तर नऊ इथे सांडून ओढ्याला मिळणार आणि एक वर चढणार. नवांच्या धक्क्यावर एक," बाई म्हणाली. तासाभराने वरच्या हौदात करंगळीएवढी धार पडायला लागली आणि सलूनवाला भर दुपारी नाचला. बाई व्हॅन घेऊन निघून गेली. मुलगा रविवारी येणार होता.

बुधवारी सकाळी यंत्र गप्प होतं. खालच्या व्हॉल्व्हला कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून सुतळीने आवळली होती. "आपल्यावर जळणारे कमी नाहीत," सलूनवाला म्हणाला. पिशवी काढली, बोटाने दाबलं, टकटक पुन्हा सुरू झाली. शुक्रवारी पुन्हा तीच गत. या वेळी पिशवीच्या जोडीला चिंधीही होती, चांगली घट्ट, दोन गाठी मारून टोकं आत खोचलेली.

सलूनवाला गावातल्या एकेका वैऱ्याचं नाव घ्यायला लागला. मी चिंधी हातात घेतली आणि माझं डोकं सणकलं. पोपटी कापड, त्यावर पांढरी बारीक फुलं. पोस्टातल्या बाईंच्या पडद्यातून उरलेले हे तुकडे मी स्वतःच्या हाताने एकाच माणसाला दिले होते, पायपुसणं करायला.

मी चढ कसा चढले मला माहीत नाही. जाऊबाई ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसल्या होत्या. शेजारी भरलेली बॅग.

"हे तुमचं ना?" मी चिंधी त्यांच्यापुढे धरली.

"माझंच. आणि तोंड वर करून विचारतेस? खाली बघावं तेव्हा पाणी भडाभडा वाहतंय, आणि गाव सगळा इंजिनीअर झालाय! दोनदा झऱ्याच्याही खाली उतरून बांधून आले मी, या गुडघ्यांनी."

"अहो, ते सांडायलाच हवं! ते सांडतं म्हणून बाकीचं वर चढतं!"

"वर म्हणजे कुठे?"

"तुमच्या परसात!" मला राहवलं नाही. "तुमच्यासाठी केलंय ते, दुसऱ्या कुणासाठी? तुम्ही जाऊ नये म्हणून मी इतके दिवस हात काळे करतेय, आणि तुम्ही त्याचाच गळा आवळताय!"

बोलून झालं आणि मला रडू फुटलं. त्यांच्यासमोर मी याआधी कधी रडले नव्हते. त्यांनी बराच वेळ चिंधीच्या गाठी सोडवल्या.

"सांडलेलं जातं कुठे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ओढ्यात. जिथे जायचं तिथेच."

"मग आधी सांगायचं ना. दुसरी खेप तरी वाचली असती." मग हळूच म्हणाल्या, "पण मी पोराला शब्द दिलाय गं. आणि माझ्यापायी एवढा खटाटोप मला नाही आवडत." बॅग तिथेच राहिली.

खाली जाऊन मी यंत्र चालू केलं आणि पुढचे दोन दिवस कामात मन लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. बॅग उचलून तो पायरी उतरला, जाऊबाईंनी दाराला कुलूप लावलं आणि मी दुसरीकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात परसातून पाणी दगडावर आपटल्याचा आवाज आला. हौद भरून वाहत होता.

"अगं बाई, वाया चाललं!" जाऊबाईंनी कुलूप उघडलं आणि भिंतीला धरत परसाच्या पायऱ्या उतरल्या. बादली भरली, घागर भरली, पातेली भरली, वाटीसुद्धा सोडली नाही. पाणी येतच होतं.

"आई, चल ना," मुलगा म्हणाला.

"थांब रे! हे बंद कुठून होतं?" त्यांनी मला विचारलं.

व्हॉल्व्ह बोटाने नुसता दाबून धरला की यंत्र थांबतं. ते मला झोपेतही जमलं असतं. "बंद करायचं मला अजून शिकवलेलं नाही," मी म्हटलं. मागे उभ्या सलूनवाल्याला जोराचा खोकला आला.

"म्हणजे रात्रंदिवस येणार?"

"रात्रंदिवस."

"आणि मी गेले तर?"

"वाया."

जाऊबाईंनी हौदाकडे बघितलं, मग मुलाकडे. "ऐकलंस ना? आता मी कशी येऊ?"

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना आता उतरायचं कामच काय उरलंय?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. पोरगा हुशार आहे, आईवर गेलाय. तो हसला आणि बॅग आत ठेवून आला. जाताना जाऊबाईंनी त्याच्या गाडीत पाण्याच्या पाच बाटल्या भरून दिल्या.

संध्याकाळी मी सवयीने कळशी भरून वर गेले. जाऊबाईंनी ती ओट्याच्या कडेला ठेवली. "ही जाताना घरी घेऊन जा. आजपासून चहाचं पाणी माझं."

चहात साखर फार झाली होती. मी तसं सांगितलं.

"मग उद्या येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच गेले.