चार वेळा तासलेलं दार

कॅनडातल्या विनिपेगमधल्या त्या घराचं मागचं दार आजवर चार वेळा तासून झालं होतं. हिवाळ्यात जमीन गोठून फुगायची, नुसत्या ठोकळ्यांवर टेकवलेला डेक, म्हणजे दाराबाहेरचा फळ्यांचा ओटा, वर उचलला जायचा आणि बाहेर उघडणारं दार फळ्यांना अडायचं. मग ओरेस्त रंधा काढून दाराचं बूड तासायचा. जन्मभर सुतारकी केलेला माणूस, पण स्वतःच्या हातच्या डेकला नाव ठेवेल तर शपथ! दार बिचारं आखूड पडलेल्या लेंग्यासारखं दिसायचं. खालच्या फटीत त्याची बायको हॅलिना जुनी चादर कोंबायची.

गेल्या वर्षी मात्र ओरेस्त चाकाच्या खुर्चीत बसला. हातातला जोर गेला. फेब्रुवारीत अडलेलं दार मे उजाडेपर्यंत हललं नाही, आणि पुढच्या दाराला सात पायऱ्या. तीन महिने नवरा खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेला बघून हॅलिनाचा जीव तुटला. पुन्हा असा हिवाळा त्याच्यावर येऊ द्यायचा नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

साठवलेले बारा हजार डॉलर होते. नवा डेक बांधून घ्यायचा ठरला. बांधणारी लॉरेन फ्लेट आली, अंगणातली चिकट माती बुटाने उकरून म्हणाली, "तुमच्या पैशांतले अर्धे जमिनीत जातील."

"जमिनीत?" ओरेस्त उसळला. "बटाटे लावतेस की काय?"

"लोखंडी खांब, गीदो," ती म्हणाली. गल्लीतली सगळीच त्याला गीदो म्हणत, म्हणजे युक्रेनी भाषेत आजोबा. "जमीन गोठते त्याच्याही खाली न्यायचे. आठ फूट."

"मग वर काय उरणार?" हॅलिनाने विचारलं. तिच्या मनात ईस्टरला बारा माणसं बसतील असं टेबल होतं.

"दहा बाय दहा. गीदोंची खुर्ची फिरेल, शेजारी तुमची मावेल. टेबलाचं विसरा."

"चार फुटांवर भागव ना गं. जरा मोठा होईल."

"मग रंधा हाताशी ठेवा. आणि बांधायला दुसरं कुणीतरी बघा."

काय तोंड बाईचं! हॅलिनाला राग आला, पण नजर फटीतल्या चादरीवर गेली. "कर बाई तुझ्या मनासारखं," ती म्हणाली.

सहावा खांब पाच फुटांवर दगडाला अडला. तिथेच कापून वर फळी ठोकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. लॉरेनने तो उपसला, जागा बदलली, पुन्हा घातला, आणि वर एक डॉलर मागितला नाही. त्या दिवशी हॅलिनाने तिच्यासाठी बटाट्याचं सारण भरलेल्या, करंज्यांसारख्या पेरोग्या उकडल्या, त्यावर लोण्यातला कांदा सढळ हाताने घातला.

त्या हिवाळ्यात पारा उणे अडतीसला गेला. फेब्रुवारी सरला तरी ओरेस्त दाराचं नाव काढेना. भीत होता, दुसरं काय! मार्चमध्ये एका सकाळी लॉरेन न बोलावता आली आणि डेकवरचं बर्फ ओढून काढलं. आतून हॅलिनाने चादर उपसली आणि दार ढकललं.

सताड उघडलं. साधं घासलंसुद्धा नाही.

खुर्ची उंबऱ्यावरून धक्का न लागता बाहेर गेली. ओरेस्त उन्हात बसून राहिला, नाक लालबुंद. मग म्हणाला, "हॅलिना, रंधा आण."

ती दाराचं बूड बघायला वाकली. "आता काय तासायचंय मेल्या?"

आणलेला रंधा त्याने दोन्ही हातांनी लॉरेनपुढे धरला.

"घे पोरी. या घरात आता त्याला काम नाही."